माझा अनुभव : नेदरलँड्सची तळी, सायकलचे आकडे आणि आईला बोटीत बसवलं तो दिवस

हिल्व्हरसमहून अॅमस्टरडॅमला ऑफिसला जाताना ट्रेन एका तळ्याच्या मधून जाते. दोन्ही बाजूला पाणी, लव्हाळ्यासारखं उंच गवत, आणि थंडीत सकाळी धुकं असलं की रूळ सोडून काहीच दिसत नाही. पहिलं वर्षभर मी ते नुसतं खिडकीतून बघत होते, नावही माहीत नव्हतं. मग एकदा ऑफिसमधल्या एका डच काकूंनी सांगितलं की हे नार्डरमेअर, आणि इथूनच या देशातलं निसर्ग वाचवायचं काम सुरू झालं. 1904 मध्ये अॅमस्टरडॅमच्या नगरपालिकेला या तळ्यात शहराचा कचरा टाकायचा होता, त्याविरुद्ध लोक उभे राहिले, 1905 मध्ये नातुअरमोन्युमेंटन ही संस्था निघाली आणि 1906 मध्ये संस्थेने अख्खं तळंच विकत घेतलं. मोर्चा नाही, कोर्ट नाही, सरळ पैसे जमवून विकत घेतलं! हे ऐकल्यावर मला राहवेना, त्याच शनिवारी सायकल काढली.

पण इथली तळी बघायला जायचं म्हणजे नुसती सायकल काढून चालत नाही, हे मला दोन-तीन वेळा हात हलवत परत आल्यावर कळलं. पहिल्यांदा मोबाइलवरचा नकाशा लावून गेले तर त्याने मला जवळच्या रस्त्याने म्हणजे गाड्यांच्या हायवेला लागून नेलं आणि तळं लांबून दिसलं तेवढंच. मग क्नोपपुंट समजले. सायकलच्या रस्त्यावर जिथे जिथे दोन वाटा मिळतात तिथे एक आकडा दिलेला असतो, पांढऱ्या पाटीवर हिरवा, आणि पुढच्या आकड्याकडे बाण. घरी बसून आपण फक्त आकडे लिहून घ्यायचे, 34, 35, 61, 62, कागद हँडलला चिकटवायचा आणि निघायचं. ही कल्पना बेल्जियमच्या लिम्बर्गमधल्या एका खाण इंजिनिअरची, खाणीतल्या बोगद्यांच्या चौकांना नंबर असायचे त्यावरून त्यांना सुचलं. मला हे फार आवडतं, की जमिनीखाली वाट चुकू नये म्हणून केलेली गोष्ट आज लोकांना पाखरं बघायला घेऊन जाते.

बाकीचे नियम चुकतमाकत शिकले. सायकल ट्रेनमध्ये न्यायची तर तिचं वेगळं तिकीट, आणि कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसहा बंद. राखीव भागाच्या तोंडाशी पाटी असते ती नीट वाचायची, बहुतेक ठिकाणी सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच वेळ आत जाता येतं, वाट सोडायची नाही, आणि मार्चच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत पाखरं अंडी घालतात म्हणून काही वाटा पूर्ण बंद. मी एकदा एप्रिलमध्ये चाळीस मिनिटं सायकल मारून गेले आणि फाटक बंद. वाईट वाटलं, पण आतून पाणटिवळ्याची ओरड ऐकू येत होती, तो इथला राष्ट्रीय पक्षी, ओल्या कुरणात जमिनीवरच घरटं करतो, मग वाटलं बंद आहे तेच बरं. हो, आणि वारा. इथे चढ नाही म्हणून सायकल सोपी असं ज्याला वाटतं त्याने एकदा उघड्या बांधावर समोरचा वारा घेऊन बघावा. जाताना समोरून वारा येईल असा रस्ता निवडायचा म्हणजे येताना पाठीवर येतो, हे मी आता कधीच विसरत नाही.

असं करत नार्डरमेअर झालं, व्हिन्केवेनचं तळं झालं, आणि मग मी उत्तरेला वेअरिबन-वीडनला जायला लागले आणि तिथे अडकले ते अडकलेच. ओव्हरआयसल प्रांतात साधारण 10 हजार हेक्टरचं राष्ट्रीय उद्यान, नुसतं पाणी आणि बोरू, म्हणजे पाण्यात वाढणारं उंच, पोकळ दांड्याचं गवत. नकाशात बघाल तर कंगव्याच्या दातांसारखं दिसतं, पाण्याची लांब पट्टी, जमिनीची बारीक पट्टी, परत पाणी. मला वाटायचं असंच असेल मूळचं.

गेल्या जुलैत आई आली होती महिनाभर. आई देवरुखची, आयुष्यभर शेताच्या बांधावरून चाललेली, पण सायकल कधी चालवली नाही. तिला सायकल नको म्हणून मैत्रिणीने गाडी काढली आणि आम्ही तिघी ऑसनझाइलला गेलो, तिथे बॅटरीवरची छोटी बोट भाड्याने मिळते, तिला फ्लाउस्टरबोट म्हणजे कुजबुजणारी बोट म्हणतात, आवाजच नाही. लायसन लागत नाही. माणूस पाच मिनिटं सुकाणू दाखवतो, नकाशा देतो आणि जा म्हणतो. पाण्याच्या वाटांनाही तसेच आकडे आहेत.

कालेनबर्गच्या दिशेने निघालो. दोन्ही बाजूला गवताने शाकारलेली घरं. आई एकदम बोलली, "अगं हे शाकारलंय! आपल्या जुन्या घरावर तुझे आजोबा असंच करायचे, मे महिन्यात, पाऊस यायच्या आत." मी सांगितलं की हे याच पाण्यातलं बोरू, थंडीत कापतात, पेंढ्या बांधून वाळवतात आणि छपरावर घालतात. एका अंगणात गेल्या हंगामातल्या पेंढ्या उभ्या करून ठेवल्या होत्या, आम्ही बोट काठाला घेतली, तिथल्या आजोबांनी हात केला, आईने पेंढीची कांडी बोटांनी दाबून बघितली, टोकाकडून बुडाकडे, आणि म्हणाली आत पोकळ आहे पण कडक आहे, हे तीस वर्षं टिकेल. मी आजोबांना भाषांतर करून सांगितलं, ते म्हणाले बरोबर, नीट घातलं तर त्याहून जास्त. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता पण पेंढीवरून पाच-सात मिनिटं बोलत होते.

मग त्यांनीच दाखवलं की आपण ज्या पाण्यावर आहोत ते खणलेलं आहे. इथे सगळी पीटची जमीन होती, हजारो वर्षं कुजत साठलेला पाला. लांब काठीच्या टोकाला लोखंडी कडं आणि जाळी लावून पाण्याखालून तो चिखल उपसायचा, शेजारच्या जमिनीच्या पट्टीवर पसरायचा, पायाला फळ्या बांधून तुडवायचा, वडे पाडायचे आणि वाळवून शहरात जळणासाठी पाठवायचे. आई लगेच म्हणाली, "म्हणजे गोवऱ्याच की." अगदी तसंच. उपसलेल्या जागी पाण्याच्या पट्ट्या राहिल्या, वाळवायच्या जागी जमिनीच्या पट्ट्या. दक्षिणेकडे वीडनमध्ये लोकांनी पाणी फार रुंद केलं आणि मधल्या पट्ट्या फार बारीक ठेवल्या, मग वादळात लाटांनी त्या खाऊन टाकल्या, 1776 मध्ये ब्योलाके नावाचं गावच बुडालं, आणि 1825 च्या पुराने आणखी नासधूस केली. आज तिथे मोठं तळं आहे, लोक शिडाच्या होड्या घेऊन जातात. वेअरिबनचं खणणं नंतरचं, तिथे किती रुंद खणायचं याचे नियम आधीच घालून दिले, म्हणून कंगवा अजून शाबूत आहे.

मला सगळ्यात लागलेली गोष्ट यापुढची. हे असंच सोडलं तर पाण्यावर बोरूचा तरंगता गालिचा होतो, मग शेवाळ, मग झुडपं, आणि बघता बघता जंगल, पाणी संपतं. म्हणून दरवर्षी कोणीतरी कापतं, झुडपं उपटतं, आणि आता काही ठिकाणी पुन्हा नवीन पट्ट्या खणतात. का, तर त्या उघड्या पाण्यात क्राबनस्खेअर नावाची काटेरी पानांची वनस्पती येते, चतुराची (ड्रॅगनफ्लाय) एक हिरवी जात तिच्याशिवाय सहसा दुसरीकडे अंडी घालत नाही, आणि काळे सुरय पक्षी पूर्वी तिच्यावर घरटी करायचे. आता ती कमी झाली म्हणून लोक छोटे तराफे करून पाण्यात सोडतात. आम्हाला तसे पाच तराफे दिसले, एकावर पिल्लू होतं, राखाडी, चोच उघडून बसलेलं, आणि आई-बाप आळीपाळीने येऊन भरवत होते. आईने बोट थांबवायला लावली. अर्धा तास आम्ही हललो नाही.

पाणमांजर, ज्याला आई ऊद म्हणते, ते काही दिसलं नाही. ते 1980 च्या दशकाच्या शेवटी या देशातून संपलं होतं, 2002 मध्ये इथेच परत सोडलं आणि आता पसरलंय, रस्त्याखालून त्यांच्यासाठी बोगदे आहेत. एका पुलाखाली सपाट दगडावर विष्ठा होती, माशाचे बारीक काटे चमकत होते, वाकल्यावर वास आला. आई म्हणाली, "उदाची आहे. आमच्या नदीवर पण असायचे, लहानपणी."

परतायच्या आधी डासांनी हैराण केलं, फुल बाह्यांचे कपडे आणि मलम न्याच. पाणी पण भरपूर न्या, मधे दुकान नाही, आणि बोट संध्याकाळी ठरल्या वेळेत परत द्यावी लागते.

सोमवारी आई माझ्यासोबत अॅमस्टरडॅमला आली. ट्रेन नार्डरमेअरमध्ये शिरली तशी ती खिडकीला टेकली.

"हे पण खणलेलं का गं?"

"नाही, हे मूळचं. दोनदा आटवायला गेले, तरी पाणी परत आलं."

पाणी संपेपर्यंत ती काही बोलली नाही.