‘डल’ या शब्दाची दुरुस्ती

वैद्यकीय कागदपत्रांचे इंग्रजीतून मराठीत भाषांतर करण्याचे काम मी गेली सोळा वर्षे करते आहे. औषधांची नावे, त्यांच्या मात्रा आणि शस्त्रक्रियांचे तपशील मी प्रत्येक वेळी दोनदा तपासून घेते. साध्या विशेषणांच्या बाबतीत मात्र तेवढी दक्षता मी बाळगत नव्हते, हे एका वकिलांच्या फोनमुळे माझ्या लक्षात आले.

अपघाताच्या नुकसानभरपाईचा दावा होता. दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेल्या एका तरुणाच्या केसपेपरांचे भाषांतर मी काही महिन्यांपूर्वी करून दिले होते. वकील म्हणाले, “मॅडम, तुमच्या भाषांतरात आमच्या अशिलाला मंदबुद्धी म्हटले आहे. समोरच्या वकिलांनी काल तेच वाक्य वाचून दाखवले. मुलगा मुळातच तसा होता, अपघातामुळे त्याचे काही बिघडलेले नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. मूळ कागदात खरोखर तसे लिहिले आहे का?”

मी मूळ कागद काढला. रुग्णाला दाखल करून घेताना डॉक्टरांनी घाईच्या अक्षरात लिहिलेली ती ओळ होती: डल, ऑब्टंडेड, स्लो टू रिस्पॉन्ड, जीसीएस 11. माझ्या भाषांतरात याच जागी ‘रुग्ण मंदबुद्धी, बोथट जाणिवेचा, प्रतिसाद देण्यास संथ आहे’ असे वाक्य होते. पुढचा आकडा मी जसाच्या तसा उतरवला होता आणि आधीच्या शब्दांचा अर्थ त्या आकड्यातच दिलेला आहे, हे मला त्या वेळी दिसले नव्हते.

जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. 1974 साली ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोघांनी मांडलेली ही मोजणी डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या तीन गोष्टींना गुण देते. डोळ्यांना जास्तीत जास्त 4, बोलण्याला 5 आणि हालचालीला 6 असे मिळून पूर्ण शुद्धीवरील माणसाचे 15 गुण होतात, आणि सर्वांत खालची पायरी 3 ची असते. ही मोजणी त्या घटकेला माणूस किती जागा आहे एवढेच सांगते. त्याच्या बुद्धीबद्दल ती काहीही सांगत नाही. त्याच संचातील पुढच्या पानांवर दुसऱ्या दिवशी सकाळी 13 आणि घरी सोडताना 15 असे आकडे होते. म्हणजे डॉक्टरांनी ‘डल’ म्हणून जे टिपले होते, ते चार दिवसांत ओसरून गेले होते. मी मात्र ते त्या मुलाच्या स्वभावात कायमचे लिहून टाकले होते.

ही चूक घडली कशी, याचा विचार करताना मला इंग्रजीतील या शब्दांच्या कुळाकडे नव्याने पाहावे लागले. मुळात मंद असलेला आणि मार बसून सुन्न झालेला, या दोन माणसांसाठी इंग्रजीने अनेकदा एकच शब्द वापरला आहे किंवा एकाच मुळातून दोन शब्द काढले आहेत. ‘स्टुपिड’ आणि ‘स्टूपर’ हे दोन्ही लॅटिनमधील थक्क होणे, बधिर होणे या अर्थाच्या एकाच क्रियापदातून आलेले आहेत. त्यांतला एक शिवी होऊन बसला आणि दुसरा वैद्यकात बेशुद्धीच्या अलीकडची अवस्था सांगण्यासाठी राहिला. ‘ऑब्टंडेड’चे मूळ ठोकून बोथट करणे या अर्थाचे आहे आणि ‘ऑब्ट्यूस’ हा त्याचाच भाऊ, ज्याला समजावूनही समजत नाही अशा माणसासाठी वापरला जातो. शाळेतल्या विशालकोनाचे इंग्रजी नावही त्यावरूनच पडले आहे. ‘डिझी’ने उलट दिशेने प्रवास केला: जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ मूर्ख असा होता, आज त्याचा अर्थ घेरी आलेला असा आहे. याउलट ‘डेझ्ड’ किंवा ‘ग्रॉगी’ म्हटले की आधी काहीतरी घडले आहे, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळते. आणि ‘मोरॉन’मध्ये तसे काहीच घडलेले नसते. आठ ते बारा वर्षांच्या मुलाइतके मानसिक वय असलेल्या प्रौढांसाठी हेन्री गॉडार्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1910 मध्ये तो मुद्दाम घडवला, आणि शास्त्रातून हद्दपार झाल्यावरही अपमान म्हणून तो उरला आहे.

मराठीही या गुंत्यातून पूर्णपणे सुटलेली नाही. ‘मूढ’ हा शब्द गोंधळलेल्यालाही लागतो आणि अज्ञान्यालाही. म्हणून तर दिङ्मूढ झालेल्या माणसाला कोणी मूर्ख समजत नाही. ‘जड’चेही तसेच आहे. पण मराठीत एक सोय आहे आणि तीच मी वापरली नव्हती. ‘मंद आहे’ आणि ‘मंद झाला आहे’ यांत आपण फरक करतो. डॉक्टरांच्या त्या तुटक टिपणात क्रियापदच नव्हते; ते मी पुरवले आणि ‘आहे’ असे पुरवले. मठ्ठ, ठोंब्या, बथ्थड हे शब्द माणसाला चिकटतात, तर गुंगी, ग्लानी, सुन्नपणा, भांबावलेपण या गोष्टी माणसाला येतात आणि जातात. ‘डल’साठी मला या दुसऱ्या रांगेतला शब्द निवडायचा होता. शब्दकोशात पहिला अर्थ ‘मंद’ दिसला आणि मी तिथेच थांबले, याचे मला आजही वाईट वाटते.

त्याच दुपारी मी ओळखीच्या एका मेंदुविकारतज्ज्ञांना ती ओळ वाचून दाखवली. ते म्हणाले, “आम्ही ‘डल’ लिहितो ते रुग्ण त्या क्षणी कसा दिसतो त्याबद्दल. हाक मारल्यावर डोळे उघडतो, पण लगेच पुन्हा मिटतो, असा रुग्ण.” मग मी नवे वाक्य लिहिले: ‘रुग्णाला गुंगी आली असून त्याची शुद्ध मंदावलेली आहे, तो विलंबाने प्रतिसाद देत आहे, ग्लासगो कोमा स्केलनुसार 15 पैकी 11 गुण.’ सोबत शुद्धिपत्र जोडले, त्यात आधीचा शब्द चुकीचा होता आणि ती चूक डॉक्टरांची नसून भाषांतरकाराची आहे, असे स्पष्ट नमूद केले आणि खाली सही केली. वकिलांनी ते पुढच्या तारखेला दाखल केले.

संध्याकाळी मी माझ्या जुन्या कामांत ‘मंदबुद्धी’ हा शब्द शोधला. तो आणखी दोन ठिकाणी सापडला. एका ठिकाणी तो बरोबर वापरला होता. दुसरे टिपण पडून मार बसलेल्या एका वृद्ध बाईंचे होते आणि तिथेही मूळ शब्द ‘डल’च होता. त्या कुटुंबाला मी रात्रीच पत्र लिहिले आणि दुरुस्त केलेले पान सोबत पाठवले.