डागाचं मूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कुळ शोधू नये म्हणतात. ज्यानं हे म्हटलं त्याच्याकडे मोटरसायकल नसणार. असती, तर त्या यादीत त्यानं ऑइलचं मूळही घातलं असतं.

माझी गाडी साधी आहे. एक सिलिंडर, हवेवर थंड होणारं इंजिन, वय झालेलं पण तक्रार नाही. एका सकाळी साइड स्टँडवरून उचलली तर खाली शर्टाच्या बटणाएवढा काळा डाग. मी तो बुटानं फासला आणि निघालो. डाग पुसला की प्रश्नही मिटतो, यावर माझा तेव्हा विश्वास होता. दुसऱ्या दिवशी त्याच जागी तसंच बटण.

आता हे कुठलं पाणी, हे आधी ठरवायला हवं. मोटरसायकलमध्ये गळण्यासारखं बरंच काही असतं. पेट्रोल असेल तर सकाळपर्यंत उडून जातं, वास तेवढा राहतो. ब्रेकचं ऑइल पाण्यानं धुऊन निघतं आणि वाटेत लागेल तो रंग खातं. चेनला मारलेलं ऑइल चिकट, मातीनं लडबडलेलं, बोटांमध्ये तार धरणारं. मी डागात बोट बुडवलं, चोळलं, हुंगलं. पातळ, काळपट, किंचित जळका वास. इंजिन ऑइल. यात शंका नाही.

मग सगळे करतात तेच मी केलं. खाली वाकून जिथून थेंब लोंबत होता तिथला नट आवळला. हा मोह भयंकर असतो. गळतंय म्हणजे ढिलं असणार, ढिलं आहे म्हणजे आवळा. पण इंजिनचा खालचा भाग ॲल्युमिनियमचा आणि नट पोलादाचा. अर्धा वेढा जास्त दिला की आतले आटे जातात आणि थेंबाची धार होते. कव्हरच्या सहा मिलिमीटरच्या बोल्टांना साधारण १० न्यूटन-मीटर एवढाच पीळ लागतो, म्हणजे छोटा पाना दोन बोटांनी ओढला की झालं. चिडलेला माणूस दोन बोटांनी पाना ओढत नाही. माझे आटे वाचले ते केवळ पाना घसरला म्हणून. बोटाचं सालटं गेलं, इंजिन बचावलं.

नट कोरडाच होता. ओल त्याच्या मागे, चेनच्या पुढच्या स्प्रॉकेटपाशी, म्हणजे दातेरी चाकापाशी होती. गाडी मेकॅनिकला दाखवली. त्यानं कव्हर काढलं, ओल्या स्प्रॉकेटकडे नजर टाकली आणि म्हणाला, "काका, ऑइल सील गेलं." त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. गिअरबॉक्सचा शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथे रबराचं एक सील बसवलेलं असतं. त्याची पातळ ओठासारखी कड शाफ्टला बिलगून असते, ती कड दाबून धरायला आत बारीक स्प्रिंगचं कडं असतं. चेनवरची धूळ आणि वाळू त्या कडेला घासत राहते, उष्णतेनं रबर कडक होतं, आणि सील गळायला लागतं. शंभरातल्या बहुतेक गाड्यांचं हेच निदान असेल. त्यानं सील बदललं. जुनं सील मी मागून घेतलं आणि खिशात टाकलं. का, ते सांगता येणार नाही. काढलेला दात माणूस मागून घेतो, तसंच.

तिसऱ्या दिवशी बटण हजर.

मग मी गाडीखाली पुठ्ठा घातला. रोज सकाळी डागाभोवती पेन्सिलीनं गोल काढायचा आणि बाजूला तारीख टाकायची. घरात यावर जे बोललं गेलं ते इथे लिहीत नाही. हिशेब मात्र मजेशीर निघाला. रोज साधारण चार थेंब. ढोबळ मानानं वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर महिन्याला सहा मिलिलिटर. इंजिनात ऑइल एक लिटर. म्हणजे हे असंच चालू राहिलं असतं तरी पुढच्या ऑइल बदलीपर्यंत ऑइल मोजायच्या काठीवरची पातळी जेमतेम हलली असती. इंजिनच्या दृष्टीनं ही गळतीच नव्हे. पण तेलाला पसरायची हौस फार. बेंजामिन फ्रँकलिननं लंडनच्या क्लॅपहॅममधल्या तळ्यात चमचाभर तेल ओतलं आणि बघता बघता अर्धा एकर पाणी आरशासारखं शांत झालं, असं त्यानं १७७४ मध्ये छापून आलेल्या लेखात लिहून ठेवलंय. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे. माझी महिन्याची गळती त्याच्या चमच्याहून थोडी जास्तच. मागच्या टायरच्या कडेला चार बोटं ऑइल लागलं तर वळणावर काय होईल, याचा विचार मी वीस गुंठ्यांच्या हिशेबानं करायला लागलो आणि रात्री झोप येईना.

पुठ्ठ्यानं एक मात्र केलं. एका रविवारी गाडी धुवायची म्हणून डबल स्टँडवर लावली, ती तशीच दोन दिवस राहिली. दोन्ही दिवस पुठ्ठा कोरा. साइड स्टँडवर घेतली, डाग. पुन्हा डबल स्टँड, कोरा. हे चार वेळा करून पाहिलं. गाडी डावीकडे कलली की आतलं ऑइल डाव्या बाजूला साचतं आणि तिकडच्या मॅग्नेट कव्हरचा, म्हणजे वीज तयार करणाऱ्या मॅग्नेट आणि कॉइलवरच्या झाकणाचा, सरळ उभ्या गाडीत कोरडा राहणारा भागही बुडतो. म्हणजे भोक जे काही होतं ते डावीकडे, आणि नेहमीच्या पातळीच्या वर. नवं सील कसं बसलंय हा प्रश्नच उरला नाही, कारण ते डबल स्टँडवरही गळलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, हे मला त्या दिवशी कळलं.

गळती शोधण्याचा जुना नियम सोपा आहे. ऑइल वरून खाली येतं, आणि चालत्या गाडीवर वाऱ्यानं पुढून मागे जातं. तेव्हा सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधा. त्यासाठी आधी सगळं कोरडं हवं. मी रॉकेल, जुना टूथब्रश आणि फडकी घेऊन बसलो. सिलिंडरच्या पाकळ्यांमधून कित्येक वर्षांची मळी निघाली, त्यात एक वाळलेला भुंगाही होता. तासाभरानं खाली इंजिनचा खरा रंग दिसला. मला तो काळा वाटायचा, राखाडी निघाला. सगळं वाळल्यावर टाल्कम पावडर. इंजिनच्या डोक्यावरच्या टॅपेट कव्हरच्या कडेला, सिलिंडरच्या बुडाशी, मॅग्नेट कव्हरभोवती, बोल्टांच्या डोक्यांवर, सगळीकडे पिठासारखी भुरभुरवली. पावडर ही फार प्रामाणिक साक्षीदार असते. तिला ऑइल लागलं की ती राखाडी होते, आणि नुसती ओल असेल तरी लपवत नाही. हौशी लोक ऑइलमध्ये चमकणारा रंग मिसळतात आणि जांभळ्या टॉर्चखाली पिवळट हिरवी रेघ शोधतात. माझ्याकडे पावडर होती.

वीस मिनिटं चालवून आणली, साइड स्टँडवर लावली आणि टॉर्च घेऊन बाजूला बसलो. टॅपेट कव्हर पांढरं. बुडाचं पॅकिंग पांढरं. मधली सांध पांढरी. या सांधीवर माझा फार संशय होता. माझ्या इंजिनाचं कवच मधोमध उभं चिरलेलं आहे, त्यामुळे जोड खालपर्यंत जातो आणि ऑइलमध्ये उभा राहतो. जुन्या इंग्लिश मोटरसायकलींचं कवचही असंच असायचं. त्यांच्याबद्दल विनोद होता की खाली डाग नसेल तर आधी आत ऑइल आहे का ते बघा. १९६९ च्या होंडा सीबी ७५० चं कवच आडवं कापलेलं होतं, जोड ऑइलच्या पातळीच्या वर, त्यामुळे तो गळायचं कारणच उरलं नाही. असो. माझ्या इंजिनाची सांध मात्र उभी असूनही निर्दोष सुटली. मॅग्नेट कव्हरमधून वायरी बाहेर येतात तिथे रबराचा बूच असतो. त्याच्यावर मी जवळजवळ गुन्हा नोंदवलाच होता. तोही पांढरा.

आणि खाली पुठ्ठ्यावर, माझ्या डोळ्यांदेखत, टप्.

सगळं इंजिन पांढरं आणि खाली थेंब. क्षणभर वाटलं, ऑइल हवेतून येतंय. मग मी थेंब जिथून सुटला तिथे बोट लावलं. स्प्रॉकेटच्या कव्हरची मागची कड. तिच्या वर चासीची एक तिरकी नळी, तिचा खालचा अंग ओला. नळीवरून बोट वर वर नेत गेलो. ओल होतीच. नळी सीटखाली साइड पॅनेलच्या आत शिरते. इंजिन खाली राहिलं, मी गुडघ्यावरून उभा राहिलो, तरी ओल वरच चालली होती. सगळ्यात वरची ओली जागा शोधा, हा नियम मला पाठ होता. ती इंजिनाच्याही वर असू शकते, हे नियमात कुणी लिहिलं नव्हतं. आणि वाऱ्याबद्दलचं कलम इथे लागूच नव्हतं, कारण हे ऑइल गाडी उभी असताना, मागून पुढे, नळीच्या उतारानं सावकाश खाली येत होतं.

साइड पॅनेल काढलं. आत मॅग्नेटकडून येणाऱ्या वायरी जोडणारा पांढरा कपलर होता. सोडवला. त्याच्या एका घरात ऑइल भरलेलं. बाकीची घरं कोरडी, या एकातच, दुधाच्या टोपणात मावेल एवढं, शांत आणि तुकतुकीत. त्यातली पितळी पीन टॉर्चच्या उजेडात मधात बुडाल्यासारखी दिसत होती. वायरच्या प्लास्टिकला बाहेरून ओलीचा लवलेशही नाही. मी कपलरच्या मागे ती वायर दोन बोटांत दाबली, आणि पिनेपाशी एक बारीक फुगा आला.

ऑइल वायरीच्या आतून येत होतं.

वायर म्हणजे तांब्याच्या बारीक तारांचा पीळ, वर प्लास्टिकची नळी. तारांच्या मधल्या फटी केसासारख्या. मॅग्नेटची कॉइल आत ऑइलच्या शिंतोड्यात काम करते. कॉइलकडच्या टोकाशी त्या प्लास्टिकला कुठे चीर असली की ऑइल तारांच्या फटींत शिरतं आणि केशाकर्षणानं चढू लागतं. गरम इंजिनाच्या आतला दाब मागून ढकलतो, साइड स्टँडवर कललेली गाडी ते टोक ऑइलमध्ये बुडवून ठेवते. थोडक्यात, माझ्या गाडीत एक वात होती. दिव्यात तेल वातीनं वर चढतं हे आपल्याला नवं नाही. ती वात विजेची असेल आणि दिवा दोन हात लांब लागेल, एवढंच सुचलं नव्हतं. 'कुठेतरी पाणी मुरतंय' हे मी आयुष्यात हजारदा म्हटलं असेन. मुरणं वरच्या दिशेनंही होतं याचा पत्ता नव्हता.

उपाय सोपा होता. इंजिनच्या बाहेर, बुचाच्या थोडं वर, वायरीचं बोटाच्या पेराएवढं प्लास्टिक सोलायचं आणि उघड्या तारांत सोल्डर मुरवायचं, म्हणजे फटी बुजतात आणि वातीत बांध पडतो. सोल्डर करण्याला आपल्याकडे डाग देणं म्हणतात. डागावर डाग हाच इलाज. पण तेलकट तांब्याला सोल्डर लागत नाही. पहिल्यांदा त्याची नुसती गोळी झाली आणि टपकन बुटावर पडली. मग तारा पेट्रोलनं तीनदा धुतल्या, वाळू दिल्या, पुन्हा तापवल्या. या खेपेला सोल्डर एकदम पातळ झालं आणि तारांमध्ये आत ओढलं गेलं. तेही केशाकर्षणानंच. वर गोंदाची श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी चढवली, कपलर स्पिरिटनं धुतला, साइड पॅनेल लावलं.

गाडी मुद्दाम साइड स्टँडवर लावली. पुठ्ठा पालटून कोऱ्या बाजूनं घातला. पाच दिवस झाले, पेन्सिल लागलेली नाही.

काल ड्रॉवरमध्ये टेस्टर शोधताना ते जुनं सील हाताला लागलं. पुसून उजेडात धरलं. कड अखंड, स्प्रिंग जागेवर. अंगठ्यानं दाबलं तर मऊ होतं, कानाच्या पाळीसारखं, आणि सोडल्यावर लगेच गोल झालं.