रक्त थांबवणारी यॅरो

यॅरो या औषधी वनस्पतीचं शास्त्रीय नाव अकिलिया मिलेफोलियम. मिलेफोलियम म्हणजे हजार पानांची. खरं तर प्रत्येक पानच पिसासारखं बारीक चिरलेलं असतं. युरोपात किरकोळ कापलं की ताजी पानं ठेचून जखमेवर दाबून धरत, आपल्याकडे एकदांडीचा पाला लावतात तसंच. दोन्ही सूर्यफुलाच्याच कुळातल्या. जखम आधी धुवायची, नाहीतर माती आतच राहते आणि पू धरतो.

तापात घाम यावा म्हणून चहा: 1 चमचा वाळलेली फुलं, कपभर उकळतं पाणी, झाकून 10 मिनिटं. जास्त ठेवलात तर कडूजहर. शेवंतीची अॅलर्जी असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी टाळावी.

रानातून तोडताना दांडा बघाच. विषारी हेमलॉकचे पांढरे तुरे लांबून तसेच दिसतात, पण त्याचा दांडा गुळगुळीत, पोकळ, जांभळ्या ठिपक्यांचा असतो.