तुम्ही विचारलंत म्हणून: कुत्र्यांना दरवर्षी सगळ्या लसी देता का?

"तुम्ही दरवर्षी सगळ्या लसी देता का हो?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच बसून लिहून टाकते. विचारणारे बहुतेक वेळा दोन गटांतले असतात. एकांना माझ्याकडून "हो" ऐकायचं असतं, म्हणजे डोक्याचा ताप गेला. दुसऱ्यांना "नाही" ऐकायचं असतं, कारण लसी म्हणजे विष असं त्यांचं आधीच ठरलेलं असतं. माझं उत्तर दोघांनाही आवडत नाही. काही लसी दरवर्षी, काही तीन वर्षांनी, आणि एकीचं माझं स्वतःचंच अजून ठरत नाहीये.

पिल्लांबद्दल मी वाद घालत नाही. आईच्या चिकातून आलेल्या अँटिबॉडीज लसीला कामच करू देत नाहीत, त्या कधी ओसरतील ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करायचं आणि 16 आठवडे उलटून गेल्यावरचा डोस झाल्याशिवाय थांबायचं नाही. यात कृपा करून कुणी चालढकल करू नका. पार्व्हो, म्हणजे उलट्या-जुलाबांनी पिल्लांचा जीव घेणारा विषाणू, तो झालेलं पिल्लू ज्यांनी बघितलंय त्यांना मी काय सांगतेय ते कळेल.

प्रश्न आहे तो मोठ्या कुत्र्यांचा. डिस्टेम्पर, पार्व्हो आणि हेपटायटिसवाला अडिनोव्हायरस, या तिघांच्या लसीत जिवंत पण कमकुवत केलेला विषाणू असतो. लहानपणचे डोस नीट झाले आणि पुढे सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान बूस्टर झाला की संरक्षण वर्षानुवर्षं टिकतं. हे माझ्या मनाचं नाही, लहान प्राण्यांच्या डॉक्टरांची जागतिक संघटना आहे ना, डब्ल्यूएसएव्हीए, तिच्या 2016 च्या गाइडलाइन्समध्ये स्पष्ट आहे की मोठ्या कुत्र्याला या तीन लसी तीन वर्षांच्या आत पुन्हा द्यायच्या नाहीत. लेप्टोचं, म्हणजे मूत्रपिंड आणि यकृत बिघडवणाऱ्या जिवाणूच्या लसीचं, उलट आहे, तिचं संरक्षण साधारण वर्षभराचंच, द्यायची तर दरवर्षी. केनेल कफचं, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याच्या लसीचंही तसंच. आणि रेबीजची, तुमच्याकडचा कायदा आणि बाटलीवरचं लेबल म्हणेल तेव्हा, एक वर्ष असो की तीन.

आता टिल्लीबद्दल. तुम्ही खरं तर तिच्याबद्दलच विचारत असता.

टिल्ली माझी छोटी कुत्री, जेमतेम पाच किलोची. त्या वर्षी नेहमीसारखं कार्ड घेऊन गेलो, एकत्रित लस, रेबीज, केनेल कफ, सगळं एकाच वेळी झालं. घरी आल्यावर ती पायपुसण्यावर तोंड घासायला लागली. मला वाटलं खाजत असेल. मग ओठ सुजले, बघता बघता डोळ्यांच्या फटी झाल्या, पाठीवरून हात फिरवला तर केसांखाली गाठीगाठी लागत होत्या. दोनदा उलटी झाली आणि ती आडवी पडली ती उठेचना. मी तिचा ओठ वर करून हिरडीवर बोट दाबलं. बोट काढल्यावर एक-दोन सेकंदांत तिथे परत गुलाबी रंग यायला हवा. आला नाही. मी बघत राहिले आणि ती जागा पांढरीच राहिली, आजूबाजूची हिरडीही पांढरी पडत चाललेली. टॉवेलमध्ये गुंडाळून तशीच पळत सुटलो. अ‍ॅड्रेनलिन दिलं, सलाईन लावलं, डॉक्टर तिथून हलल्या नाहीत, मी टेबलाला धरून उभी, आणि पुन्हा पुन्हा तीच हिरडी दाबून बघत होते. पहाटेकडे रंग आला.

वाचली. पण मी डॉक्टरांना विचारलं की नेमकं कशामुळे झालं, तर त्या म्हणाल्या सांगता येणार नाही, सगळं एकत्र दिलंय. ते मला आजही सलतं. लहान चणीच्या कुत्र्यांना एका भेटीत जितक्या जास्त लसी, तितकी रिअ‍ॅक्शनची शक्यता वाढते, डोस मात्र पाच किलोलाही तोच आणि पन्नास किलोलाही तोच. आणि त्यातल्या तीन रोगांची लस तिला आदल्याच वर्षी झाली होती, म्हणजे त्या वर्षी लागतच नव्हती. मी डॉक्टरांना बोल लावत नाही, तेव्हा सगळीकडे तसंच चालायचं. स्वतःलाही लावून घेणार नाही, कार्डावर तारीख होती, मी गेले.

त्या रात्री मी म्हणाले होते, आता हिला एकही सुई टोचू देणार नाही. ते वाक्य लोकांनी उचललं आणि अजून मला ऐकवतात, "तुम्हीच म्हणाला होतात ना". म्हणाले होते. पण त्या रात्रीच्या मला मी आज विचारते, रेबीजचं काय? जगात दरवर्षी अंदाजे 59,000 माणसं रेबीजने जातात, जवळजवळ सगळी कुत्र्याच्या चाव्याने, आणि लक्षणं दिसायला लागली की वाचणं नाहीच म्हणा. माझ्या घरात लहान मुलं टिल्लीच्या गळ्यात पडतात. तेव्हाची मी म्हणते, तू ती हिरडी पाहिली नव्हतीस का? पाहिली होती गं, अजून दिसते. तरी रेबीज सोडणार नाही.

म्हणून आता असं करते. रेबीज एकटीच, वेगळ्या दिवशी, सकाळी, डॉक्टरांना आधीचं सगळं सांगून, आणि नंतर बराच वेळ तिथेच बसते. बाकीच्या तिघांसाठी दर तीन वर्षांनी टायटर टेस्ट, म्हणजे रक्तात अँटिबॉडीज आहेत का ते बघायची तपासणी, असतील तर लस नाही. टेस्टला लसीपेक्षा जास्त पैसे जातात, "एवढं कशाला" म्हणणाऱ्यांनी म्हणावं. माझा दुसरा कुत्रा भैरू दांडगा आहे, त्याला कधी काही झालं नाही, त्याच्या तीन लसी तीन वर्षांनी आणि लेप्टो दरवर्षी न चुकता, कारण साचलेलं पाणी दिसलं की तो त्यात उतरणारच, आणि उंदरांच्या लघवीतून लेप्टो पसरतो तो अशाच पाण्यात.

राहिली टिल्लीची लेप्टो. टायटर इथे कामाची नाही, त्यावरून संरक्षण आहे की नाही ते कळत नाही. ती घरातच असते, पण भैरू तिच्या शेजारी झोपतो, आणि उंदीर काय अंगणातही येतात. शिवाय हा रोग कुत्र्याकडून माणसाला होतो. डॉक्टर म्हणतात एकटी देऊन बघू, मी समोर आहे. नवरा म्हणतो द्यायची. मी गेल्या वर्षी नाही म्हणाले आणि पावसाळाभर तिच्या लघवीचा रंग बघत बसले. या वर्षीचा पाऊस तोंडावर आलाय, पहिल्यांदा देताना काही आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणजे द्यायची तर आत्ताच सुरू करायला हवं, आणि माझं अजून हो होत नाहीये.