दुखणं रेड्याला, चिप पखालीला

माझी गाडी १९९४ची. चार सिलिंडर, पेट्रोल, टर्बो नाही. वर्षभरापासून ती चढावर ओढेनाशी झाली होती, ॲव्हरेज पडला होता आणि सायलेन्सरच्या तोंडाला बोट लावलं की काजळी. त्यातच एका मित्राने त्याच्या टर्बो डिझेलचं रिमॅपिंग करून घेतलं. त्याच्या शेजारी बसून एक फेरी मारली आणि उतरताना माझं ठरूनच गेलं होतं: आपल्याही ईसीयूच्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या, चिपमध्ये नवा प्रोग्राम टाकायचा.

हे काम करणाऱ्या एकाला फोन लावला. त्याचा पहिला प्रश्न, "टर्बो आहे का?" नाही म्हटल्यावर त्याचा उत्साह मावळला, आणि माझा त्याच्यावर विश्वास तिथेच बसला. टर्बोच्या गाडीत प्रोग्राम बदलून हवेचा दाब वाढवता येतो, म्हणून तिथे ताकदीत वीस-तीस टक्क्यांचा फरक पडू शकतो. माझं इंजिन स्वतःच्या दमाने जेवढी हवा ओढतं तेवढीच ओढणार. प्रोग्रामच्या हातात उरतं ते एवढंच, की ठिणगी किती अंश आधी टाकायची आणि पेट्रोल किती सोडायचं. त्यातून पाचेक टक्के मिळाले तर मिळाले. शिवाय ठिणगी आधी घेतली की जास्त ऑक्टेनचं पेट्रोल कायमचं मागे लागतं, नाहीतर इंजिन ठोकायला लागतं. माझ्या गाडीला तर नॉक सेन्सरही नाही. म्हणजे ते ठोकणं ऐकून सावरून घ्यायला कोणी नाही.

तरी मी म्हटलं, "निदान ॲव्हरेज तरी सुधारेल?"

"अहो, हाच प्रोग्राम गाडी नवी असताना नीट चालत होता ना? मग आता त्याला काय झालं? आधी बाकीचं बघून घ्या, मग या."

झालं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर हवा किती दाबतात ते, तपासलं; चारही सिलिंडर ११ ते १२ बारमध्ये. म्हणजे इंजिन दमलेलं नाही. प्लग काढले तर चारही सारखेच काळे, कोरडी काजळी. एखादा इंजेक्टर गळत असता तर एकच प्लग काळा झाला असता. माझ्या गाडीला ओबीडी-२ नाही (दोष यंत्र लावून वाचायची ही ठरावीक सोय अमेरिकेत १९९६च्या मॉडेलांपासून सक्तीची झाली), त्यामुळे डायग्नॉस्टिक सॉकेटच्या दोन पिना वायरने जोडून डॅशबोर्डवरच्या दिव्याची उघडझाप मोजायची. मोजली. दोष शून्य. मग मी उगाच एअर फिल्टर आणि प्लगच्या वायरी बदलल्या. फरक पडला तो फक्त खिशाला.

पुढे लॅम्डा सेन्सर. हा धुरातला ऑक्सिजन बघून पेट्रोल जास्त जातंय की कमी ते ईसीयूला सांगतो; जास्त असेल तर व्होल्ट जास्त. त्याला मल्टिमीटर लावला. इंजिन गरम असताना हा काटा ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सतत वरखाली व्हायला हवा. माझा ०.९ला चिकटलेला. सेन्सर मेला, असं मी जाहीर करून टाकलं. आमचे मेकॅनिक काका म्हणाले, "निरोप्याला कशाला मारताय? एक व्हॅक्यूमचा पाइप सैल करून बघा." केला. जादा हवा आत गेली आणि आकडा लगेच खाली आला. सेन्सर ठणठणीत होता. पेट्रोल खरोखरच जास्त जात होतं, तो बिचारा तेच सांगत होता.

शेवटी कूलंटचं तापमान मोजणारा सेन्सर. दोन वायरींचा छोटासा भाग. याचा रोध तापमान वाढेल तसा कमी होतो: २० अंशांना साधारण २,५०० ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. इंजिन पूर्ण तापलेलं, डॅशबोर्डवरचा काटा बरोबर मध्यावर, आणि इथे दाखवतंय जवळजवळ २,०००! डॅशबोर्डच्या काट्याचा सेन्सर वेगळा असतो, त्यामुळे मला कधी शंकाच आली नव्हती. ईसीयूच्या मते माझी गाडी आयुष्यभर नुकतीच सुरू झालेली, २५ अंशांवरची. म्हणून तो थंड इंजिनाला द्यायचं तेवढं पेट्रोल ओतत होता, आणि इंजिन तापेपर्यंत लॅम्डाचं ऐकायचं नाही हा त्याचा नियम, तोही पाळत होता. दिव्याने दोष दाखवला नाही, कारण सेन्सरची वायर तुटली किंवा शॉर्ट झाली तरच ईसीयूला तो दिसतो. २५ अंश हा काही अशक्य आकडा नाही.

नवा सेन्सर बसवला, कूलंटमधली हवा काढली. दुसऱ्या दिवशी लॅम्डाचा काटा नाचत होता.

मला घाम फुटला तो नंतर. त्या अवस्थेत प्रोग्राम बदलून पेट्रोल कमी केलं असतं, तर गाडी कदाचित बरी चालली असती. मग कधीतरी कोणी हा सेन्सर बदलला असता आणि इंजिनाला पेट्रोल कमी पडून ते भलतंच तापलं असतं.

तरीही ईसीयू उघडलाच. आत एका कपॅसिटरच्या बुडाशी ओल दिसली. हे द्रव सर्किटच्या रेघा खातं, म्हणून तो लगेच बदलून घेतला. चिप २७सी२५६, अठ्ठावीस पायांची, ३२ किलोबाइटची, सॉकेटमध्ये बसवलेली. वर काचेची खिडकी, तिच्यावर स्टिकर, कारण अतिनील प्रकाशाने आतलं सगळं पुसलं जातं. अशा चिपमधला विद्युतभार दशकांनंतर हळूहळू झिरपूही शकतो. म्हणून त्याच माणसाकडे परत गेलो. त्याने चिप तीनदा वाचली, तिन्ही फाइली तंतोतंत जुळल्या, आणि तोच मूळ प्रोग्राम कोऱ्या चिपवर उतरवला. बसवताना खाच कुठल्या बाजूला आहे ते त्याने दोनदा बघायला लावलं. उलटी बसवली की चिप जळते.

जुनी चिप स्टिकरसकट काळ्या फोममध्ये टोचून डबीत ठेवली आहे, फाइल दोन ठिकाणी. मित्र अजून विचारतो, किती पॉवर वाढवलीस. मी त्याला चढावर घेऊन जातो.