सिकलसेलचा थकवा आणि एका रिपोर्टसाठी अकरा आठवडे

वैद्यबाईंनी माझे सगळे केसपेपर वाचले आणि म्हणाल्या, "ताई, आधी फेरिटिनचा रिपोर्ट आणा. तोवर मी पोटातलं एकही औषध देणार नाही." शरीरात लोह किती साठलंय ते सांगणारा तो रक्ताचा रिपोर्ट हातात पडायला अकरा आठवडे लागले. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मला सिकलसेल आहे, एसएस, म्हणजे आई-वडील दोघांकडून आलेला रक्ताचा आजार. हिमोग्लोबिन साडेसात-आठच्या पुढे जात नाही. अंग दुखायला लागलं की लोकांना कळतं, थकवा मात्र कुणाला दिसत नाही. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, धानाच्या रोवणीला घरातल्या सगळ्या बाया बांधीत, पाणी भरलेल्या शेतात उतरतात आणि मी सकाळी वेणी घालूनच दमलेली असते. हायड्रॉक्सियुरिया या सिकलसेलच्या औषधाने दुखण्याच्या पाळ्या कमी झाल्या, थकवा तेवढाच राहिला. म्हणून योग आणि आयुर्वेदाकडे वळले.

आमच्याकडे 'रक्त कमी' म्हटलं की अळिवाचे लाडू, खजूर आणि लोहाचं टॉनिक ठरलेलं. आत्याने प्रेमाने लोहभस्माच्या पुड्या आणल्या होत्या, त्या मी दोन महिने घेतल्या. वैद्यबाईंनी सगळ्यात आधी त्याच बंद केल्या. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. आपली, सिकलसेलवाल्यांची, 10 ते 20 दिवसांत फुटते, पण तिच्यातलं लोह शरीरातच राहतं. वरून रक्ताच्या एका पिशवीतून 200 ते 250 मिलिग्रॅम लोह येतं आणि जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. ते यकृतात, हृदयात साठत जातं. मला तोवर नऊ पिशव्या चढल्या होत्या. हे सगळं मला पहिल्यांदा त्या वैद्यबाईंकडून कळलं.

आता मोठ्या दवाखान्याचं ऐका. एसटीने दोन तास जाऊन ओपीडीत नंबर लावला. "फेरिटिन कोणी सांगितलं? वैद्याने? काही गरज नाही," म्हणून परत पाठवलं. दोन आठवड्यांनी पुन्हा गेले, हट्टाने चिठ्ठी लिहून घेतली, तर लॅबच्या खिडकीवर उत्तर आलं, "किट संपलंय, पुढच्या सोमवारी या." त्या सोमवारी माझे पाय दोन दिवसांपासून ठणकत होते, तरी गेले, कारण नंबर गेला तर पुन्हा सुरुवातीपासून. रक्त दिलं. आठवड्याने आकडा आला तो भलताच वाढलेला. डॉक्टर म्हणाले, दुखणं किंवा ताप असताना फेरिटिन असंच चढतं, हा रिपोर्ट धरता येणार नाही, बरं वाटल्यावर महिन्याने परत करा. रक्त घेताना एकाने तरी विचारायचं होतं ना, बाई, आज दुखतंय का? मी जिन्यात बसून रडले.

पुढच्या वेळी घरूनच एका कागदावर लिहून नेलं: किती पिशव्या, कोणत्या वर्षी, लोहभस्म किती दिवस, शेवटचं दुखणं कधी. समोर नव्या डॉक्टरबाई होत्या. त्यांनी कागद वाचला आणि दोन मिनिटांत चिठ्ठी दिली. तुम्हीही असा कागद करा, तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही. यावेळी आकडा 780 आला. वाढलेलाच, पण लोह कमी करायचं औषध लगेच लागणार नाही, तीन महिन्यांनी पुन्हा बघू असं ठरलं. पुड्या चालूच ठेवल्या असत्या तर, हा विचार आला की आजही पोटात गोळा येतो.

वैद्यबाईंनी शेवटी पोटातून काहीच दिलं नाही. कोमट तिळाच्या तेलाचं मालिश सांगितलं, दुखत्या किंवा सुजलेल्या जागी मात्र तेही नाही, तिथे गरम पाण्याच्या पिशवीचा शेक. बर्फ कधीच नाही. दुपारी वीस मिनिटं योगनिद्रा, तिचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला. अनुलोम-विलोम करते, पण श्वास रोखत नाही. आपल्याला प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्यासारख्या वाकतात, म्हणून कुंभक बंद. हे योगशिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा.

पाण्याचं राहिलंच. आपली मूत्रपिंडं पाणी धरून ठेवत नाहीत, त्यामुळे रात्री तीन-चारदा उठावं लागतं आणि अर्धा थकवा त्या मोडलेल्या झोपेचा असतो. मी दिवसभराचं पाणी संध्याकाळी सातच्या आत संपवते. आणि यातलं काहीही सुरू केलं तरी हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड मनाने सोडू नका. गुळवेलीचा काढा कुणी दिला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, त्याने काहींच्या यकृताला त्रास झालेला आहे.

यंदाही रोवणीला मी बांधीत उतरले नाही. थंड पाण्यात उभं राहणं मला चालत नाही. पण सगळ्यांचा डबा घेऊन धुऱ्यावरून चालत गेले आणि चालतच परत आले. पुढचं फेरिटिन दिवाळीनंतर आहे. चिठ्ठी मी आत्ताच लिहून घेतली आहे.