वणीच्या वाटेवरचं ऊन

घुग्गुस सुटलं की एसटीतले लोक न सांगता खिडक्या लावून घेतात. पुढे कोळशाचे ट्रक, मागे कोळशाचे ट्रक. वर्धा नदीचा पूल ओलांडून मामांच्या गावच्या फाट्यावर उतरले, ओढणीवर बोट फिरवलं, तर बोट काळं.

वावरात फरदडीचा कापूस वेचायचा राहिला होता. मामांनी एक बोंड तोडून हातावर ठेवलं. वरून करडं, बोटांनी उकललं की आत पांढरंशुभ्र. "याले भाव पाडूनच मांगते व्यापारी," ते म्हणाले. कापसावरची काजळी निदान डोळ्यांना दिसते. माझं मन अडकलं होतं ते न दिसणाऱ्या वायूंत.

मी रसायनशास्त्र शिकवते. बांधापलीकडच्या पॉलीहाऊसकडे बोट दाखवून मामांना सांगितलं, की असेच मोठे पारदर्शक तंबू काही देशांत हवेच्या अभ्यासासाठी उभारलेत. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाजवळ दोन अर्धगोल घुमट आहेत, प्रत्येकी सुमारे २०० घनमीटरचे. जर्मनीत यूलिशला २७० घनमीटरचा एक लांबट तंबू.

"म्हंजे पॉलीहाऊसच ना वो?"

दिसायला तसंच, पण पॉलीहाऊसचं प्लास्टिक अतिनील किरण बरेचसे अडवतं आणि तिथे नेमके तेच हवे असतात. म्हणून टेफ्लॉनच्या जातीची पातळ फिल्म लावतात. आधी आतली हवा स्वच्छ करायची, मग नायट्रोजनचे ऑक्साइड आणि इंधनाच्या वाफा मोजून सोडायच्या आणि वरचं झाकण सरकवून ऊन आत घ्यायचं. उन्हानं नायट्रोजन डायऑक्साइड फुटतो, छातीला बाधणारा ओझोन तयार होतो, वाफांपासून बारीक कण जमतात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये तर अशा कक्षातली हवा फुप्फुसाच्या पेशींवरून नेऊन पाहिली. ताज्या मिश्रणापेक्षा उन्हात मुरलेल्या मिश्रणानं पेशींचा दाह जास्त झाला.

मामा वेचता वेचता थांबले. "मंग चंद्रपूरचा धूर इथवर येईस्तोवर?"

हाच तर माझा प्रश्न! तिथलं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं, शिवाय रस्त्यावरचे हे ट्रक. ओझोन व्हायला वेळ लागतो, तोवर वारा पुढे गेलेला असतो. शहरात गाड्यांचा ताजा नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो, खेड्यात हा नायट्रिक ऑक्साइड तेवढा नसतो. म्हणून वाऱ्याच्या दिशेनं पुढच्या गावांत कधी कधी शहरापेक्षा जास्त ओझोन सापडतो. चिमणीच्या तोंडाशी मोजलेले आकडे मामांच्या छातीबद्दल पुरतं सांगू शकत नाहीत. विदर्भाचं ऊन स्पेनच्या किंवा जर्मनीच्या उन्हासारखं नाही, इथली धूळही वेगळी. मला मनापासून वाटतं, असा एक कक्ष इथेच हवा, याच मातीवर. नागपुरात १९५८ पासून पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, म्हणजे जाणकार माणसंही लांब नाहीत.

दुपार कलली. मामांनी कापसाचं गाठोडं बांधलं आणि नाल्याकडच्या पडीत जमिनीकडे हात केला.

"तितं बसंन काय वो तुया तंबू? दीड एकर मोकळीच हाय."